तुझ्या त्या तीन ओळी

मित्रा,

आठ महिने झाले तुला लिहिलं नाही, दोनदा फोनही उचलला नाही, राग धरू नकोस. तब्येत ठीक, आईचा गुडघा तसाच. मुद्द्यावर येतो, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही.

पर्ल भाषेतल्या त्या रिपोर्टच्या स्क्रिप्टमध्ये तू फोन नंबर बघण्याआधी तीन ओळी लिहायचास, आधी ग्राहक आहे का, मग त्याचा संपर्क आहे का, मग फोन. किती भांडलो होतो त्यावरून! मी म्हणायचो एक ओळ पुरे, 'आहे का' विचारणारं एक्झिस्ट्स लावून थेट तळाला, फोनपर्यंत जायचं, आणि तू सोडून गेल्यावर मी त्या काढूनच टाकल्या. गेल्या आठवड्यात रिपोर्टमधले ग्राहक वाढायला लागले. 412 चे 437. तीन रात्री मी फाइल वाचणारा भाग चाळत बसलो, तिथे काहीच नव्हतं. शेवटी तीनच ग्राहकांची छोटी फाइल घेतली आणि माझ्या त्या एका ओळीच्या वर एकदा, खाली एकदा डेटा डम्पर लावला, आत काय साठलंय ते छापून बघायला. वर तीन नावं. खाली चार, चौथ्यात 'संपर्क' आणि त्यापुढे रिकामा महिरपी कंस. अरे, नुसतं विचारलं होतं, आहे का म्हणून! फोन नाही बनवला त्याने, पण तिथवर पोचायला मधले दोन्ही हॅश, नावावरून माहिती शोधायचे ते कप्पे, स्वतःच उभे केले.

घात केला तो कंसांनी. दोन कंसांमधला बाण गाळला तरी चालतो ना, त्यामुळे सगळं एकच घर वाटतं, पण हॅशमध्ये हॅश मावतच नाही, मावतो फक्त रेफरन्स, त्याचा नुसता पत्ता, म्हणजे दर पायरीला एक रेफरन्स उलगडायचा आणि तो नसेल तर पर्ल नवा करून देतं. चुका पकडणारं स्ट्रिक्ट चालू होतं, ते यावर गप्प बसतं. तू हे सगळं तेव्हा फळ्यावर काढून दाखवलेलंस, दाढीवाला पण म्हणाला होता, ऐक त्याचं.

तुझ्या ओळी परत घातल्यात. हे बंद करणारं मॉड्यूल सीपॅनवर, पर्लच्या मॉड्यूलांच्या साठ्यात, आहे, पण जुन्या कोडमध्ये ते एकदम लावायचं धाडस होत नाही. झोप उडालीय ती पुढच्या विचाराने, अशी साफसफाई मी अजून कुठे कुठे केलीय? एक्झिस्ट्सच्या 31 जागा सापडल्या, आणि नुसतं वाचतानाही मधली पायरी तयार होते म्हणजे बाकीच्याही बघायला लागणार.

तुझं नवीन घर लागलं का? पोरगी चालायला लागली असेल, वहिनींना नमस्कार. त्या स्क्रिप्टची जुनी प्रत तुझ्याकडे असेल तर पाठव, मी हात लावायच्या आधीची.

तुझाच