बंड गार्डनला पाटी लावा की!

संपादक साहेब, परवा रविवारी पोरांना घेऊन बंड गार्डनला गेलो होतो. पोरगी म्हणाली बाबा हे 'बंड' म्हणजे कोणी केलेलं बंड, तर तिला सांगितलं अगं बंड म्हणजे बंधारा, मुळा-मुठेवर सर जमशेटजी जीजीभॉयांनी पैसे देऊन बांधलेला, पण बागेत हे सांगणारी पाटी मला तरी कुठं दिसली नाही. शेजारचा फिट्झगेराल्ड पूल 1867 चा, दोन्ही टोकांना पंजाखाली गोळा धरलेले दगडी सिंह, लोक त्यांच्यासोबत सेल्फी काढतात नि पुढे जातात. जलपर्णी आणि वासाबद्दल तर काय बोलायचं, सगळ्या पुण्याला माहितीये. निदान मराठीत चार ओळींची पाटी तरी लावा राव, त्याला कितीसा खर्च येणारे?

– एक पुणेकर