दोन वर्षं हलला नाही म्हणून पार्ट भंगारात काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्पेअर पार्ट्सचा साठा कमी करा, अडकलेला पैसा मोकळा करा असा सल्ला हल्ली सगळीकडे दिला जातो, आणि कारखान्यात तो अमलात कसा येतो तर कंप्युटरवरून दोन वर्षांत इश्यू न झालेल्या वस्तूंची यादी काढायची, नॉन-मूव्हिंग म्हणजे न हलणारा माल असा शिक्का मारायचा आणि विकून मोकळं व्हायचं. मी मेंटेनन्स स्टोअरमध्ये काम करतो आणि या पद्धतीला माझा साफ विरोध आहे.

रोज खपणाऱ्या मालाला सरासरी लावली तर चालतं. स्पेअरचं तसं नसतं, महिनोन्महिने शून्य आणि मग एकाच आठवड्यात दोन लागतात. अशा तुटक मागणीला नेहमीची सरासरी फसवते हे क्रॉस्टन या संशोधकांनी १९७२ मध्येच दाखवलंय, मागणी किती काळाने येते आणि आली की किती नग लागतात हे वेगवेगळं मोजा अशी त्यांची पद्धत, पुढे सिंटेटॉस आणि बॉयलन यांनी तिच्यात अंदाज जरा जास्त येतो तोही दुरुस्त केला. हे सगळं साध्या एक्सेलमध्ये बसतं, महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

समजा एक पार्ट वर्षाला ४ लागतो आणि ऑर्डर दिल्यावर यायला ३ महिने जातात. म्हणजे माल येईपर्यंत सरासरी १ लागणार, मग १ ठेवला की झालं असं कुणालाही वाटेल. पण बिघाड सांगून येत नाही, अचानक येणाऱ्या घटनांची शक्यता काढायच्या पॉयसनच्या गणिताने त्या ३ महिन्यांत एकापेक्षा जास्त लागायची शक्यता जवळपास २६ टक्के निघते. तेच ३ ठेवले तर तीनही कमी पडायची शक्यता २ टक्क्यांच्या आत येते. आता त्या पार्टवाचून अख्खी लाइन बंद पडत असेल तर ३ ठेवलेच पाहिजेत, आणि पार्ट पंपाचा आहे आणि शेजारी राखीव (स्टँडबाय) पंप चालू स्थितीत असेल तर १ वर भागतं. पार्ट शेवटचा कधी हलला या तारखेवरून यातलं काहीच कळत नाही.

आणि ती तारीख तरी खरी असते का? एकच ६२०५ बेअरिंग रजिस्टरला ‘बेअरिंग ६२०५’, ‘बॉल बेअरिंग ६२०५’ आणि मशीन कंपनीचा पार्ट नंबर अशा तीन कोडवर पडलेलं असतं, मागणी तिघांत वाटली जाते आणि एखादा कोड नॉन-मूव्हिंग दिसतो. स्टोअरला माल नसला की फिटर बाजारातून अर्जंट आणवतो, ती मागणी कुठंच लिहिली जात नाही, म्हणजे ज्याची टंचाई झाली त्याचीच मागणी शून्य दिसते!! शिवाय असे एकदा हाल झाले की फिटर लोक दोन-चार नग आपल्या कपाटात दडवून ठेवतात, त्यांना दोष तरी कसा द्यायचा.

खरं डेड स्टॉक काढायचंच असेल तर जी मशीनं विकली, बदलली त्यांचे पार्ट आधी काढा, ते कित्येक ठिकाणी अजून रॅकवर आहेत. कडक झालेली ऑइल सील काढा. ठरलेल्या शटडाउनला काय लागणार ते आधीच माहीत असतं, ते अंदाजात धरून वर्षभर साठवायची गरज नाही, मेंटेनन्सने तारीख कळवली की वेळेत मागवता येतं. बाकी यादीवर मात्र, विकायच्या आधी, ते मशीन चालवणाऱ्या आणि उघडणाऱ्या माणसाची सही घ्या आणि नवा पार्ट यायला किती दिवस लागतात ते सहीशेजारी लिहा. एवढी अट प्रत्येक व्यवस्थापनाने घालावी अशी माझी आपल्या पत्रामार्फत कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक स्टोअरकीपर