अतिनील लेसरचे काम आयन तोडण्याचे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतील मास स्पेक्ट्रोमेट्रीवरचा लेख आवडीने वाचला. रेणूचे वस्तुमान कसे मोजतात, हे लेखकाने फार सुबोधपणे सांगितले आहे. मात्र पुढे आयन, म्हणजे विद्युतभारित रेणू, तयार करणारा लेसर आणि तयार आयन तोडणारा लेसर अशा दोन वेगळ्या लेसरांची सरमिसळ झाली आहे, ती दुरुस्त व्हावी म्हणून हे पत्र.

कोइची तानाका यांना २००२ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, तो प्रथिनाचा मोठा रेणू न मोडता त्याचा आयन करून दाखवल्याबद्दल. त्यांच्या प्रयोगात ३३७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरची ऊर्जा ग्लिसरॉलमध्ये कालवलेली कोबाल्टची बारीक पूड शोषून घेत असे, आणि प्रथिन शाबूत राही. लेखाचा विषय असलेला अतिनील लेसर याच्या नेमके उलट काम करतो. आयन आधीच तयार होऊन सापळ्यात अडकवलेले असतात आणि हा लेसर त्यांना तोडतो. त्यासाठी बहुधा १९३ नॅनोमीटरचा आर्गॉन-फ्लोराइड लेसर वापरतात. चष्म्याचा नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेत बुबुळाच्या पारदर्शक पटलाला आकार देणारा लेसरही याच जातीचा.

आयन तोडायचे कशासाठी, तर तुकड्यांच्या वस्तुमानांवरून पेप्टाइडमधील, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या साखळीतील, अमिनो आम्लांचा क्रम लावता येतो म्हणून. नेहमीच्या पद्धतीत आयन वायूच्या रेणूंवर आदळवतात. त्या धडकांची ऊर्जा सबंध रेणूत कंपनांच्या रूपाने पसरते आणि जो बंध कच्चा तो आधी तुटतो. सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसलेले असेल, तर पुष्कळदा तेच पहिले गळून पडते. म्हणजे ज्याची जागा शोधायची, तो पुरावाच हातचा जातो. १९३ नॅनोमीटरचा एकच फोटॉन सुमारे ६.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा देतो. पेप्टाइड बंध ती थेट शोषतो, इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातात आणि मुख्य साखळीतले एरवी न तुटणारे कार्बन-कार्बन बंधही तुटतात, तेही बऱ्याचदा फॉस्फेट जागेवर असतानाच.

ल्युसीन आणि आयसोल्युसीन या अमिनो आम्लांचे उदाहरण लेखात यायला हवे होते असे मला मनापासून वाटते. पेप्टाइडमध्ये दोघांचेही वस्तुमान ११३.०८४ डाल्टन (डाल्टन हे अणू-रेणूंच्या वस्तुमानाचे एकक), तंतोतंत सारखे. अणूही तेच, केवळ बाजूच्या शाखेची मांडणी निराळी. त्यामुळे काटा कितीही सूक्ष्म असला तरी निव्वळ वस्तुमानावरून ही दोन आम्ले ओळखू येत नाहीत. अतिनील किरणांनी मात्र बाजूची शाखाही तुटू शकते: ल्युसीनमधून ४३ डाल्टनचा तुकडा जातो, आयसोल्युसीनमधून २९ डाल्टनचा. औषध म्हणून वापरायच्या प्रतिपिंडाचा क्रम तपासताना हा १४ डाल्टनचा फरक निर्णायक ठरतो.

‘जुन्या पद्धती आता बाद झाल्या’ हे लेखातील विधान मात्र मला मान्य नाही. इतके बंध एकाच वेळी तुटू लागले की संकेत असंख्य प्रकारच्या तुकड्यांत विभागला जातो, प्रत्येक तुकडा क्षीण दिसतो आणि वर्णपटाचा, म्हणजे तुकड्यांच्या वस्तुमानांच्या आलेखाचा, अर्थ लावणे अवघड होते. रोजच्या कामात हजारो पेप्टाइड भराभर ओळखायचे असतील, तर वायूवर आदळवण्याची पद्धतच अधिक सोयीची आहे.

लेखासोबतच्या आकृतीत लेसरचा झोत नमुन्याच्या पट्टीवर रोखलेला दाखवला आहे. पुढील अंकात तो आयन-सापळ्याकडे वळवून आकृती पुन्हा छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, पुणे