दिल्या, डिटेक्टर घेण्याआधी

वास्को, गोवा
८ सप्टेंबर

प्रिय दिल्या,

पाण्याखाली धातू शोधणाऱ्या चार मशीनचे, म्हणजे मेटल डिटेक्टरचे, फोटो आणि खाली ‘यातलं कुठलं घेऊ?’ एवढंच तू पाठवलंस. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मध्येच ‘हो हो, कळलं’ म्हणाला असतास, म्हणून लिहून पाठवतोय. निवांत वाच.

तुला शोधायचंय काय? तारकर्लीला पर्यटकांच्या बोटातून निसटलेल्या अंगठ्या, बोटीवरून पडलेली शिशाची वजनं, दोर तुटून तळाला गेलेला नांगर. म्हणजे खारं पाणी, वाळूचा तळ आणि अंगावर हवेचं सिलिंडर.

एवढ्यावरच तुझ्या चारातली दोन बाद होतात. मायनलॅब कंपनीची इक्विनॉक्स ८०० तीन मीटरपर्यंतची आणि ९०० पाच मीटरपर्यंतची. मशीन नावाजलेली आहेत, पण ती किनाऱ्यावर नाहीतर छातीएवढ्या पाण्यात चालणाऱ्यांसाठी. दुकानदार ‘आयपी ६८, पूर्ण वॉटरप्रूफ’ म्हणतो ना, त्यातल्या आठचा अर्थ एवढाच की कंपनीने सांगितलेल्या खोलीपर्यंत पाणी शिरणार नाही. ती खोली दीड मीटरसुद्धा असू शकते. दर दहा मीटरला हवेच्या दाबाइतका दाब वाढतो, म्हणजे अठरा मीटरवर वरच्यापेक्षा जवळजवळ तिप्पट, हे मी तुला काय सांगणार! मीटरचा आकडा माहितीपुस्तकात छापलेला दिसला तरच पुढचं बोल.

आता खारं पाणी. ते धातूसारखं स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं साधं मशीन समुद्रात उगाच बडबडत राहतं. यावर दोन उपाय आहेत. पहिला, एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं मशीन. मायनलॅबची जुनी एक्सकॅलिबर २ तशी आहे, १७ फ्रिक्वेन्सी आणि ६० मीटरपर्यंत चालणारी. दुसरा उपाय पल्स इंडक्शन, ज्याला सगळे पीआय म्हणतात. यात कॉइलमधून, म्हणजे दांड्याच्या टोकाला असलेल्या तारेच्या वेटोळ्यातून, विजेचा एक जोरदार झटका सोडतात, तो बंद करतात आणि काही मायक्रोसेकंद थांबून मग ऐकतात. मिठाच्या पाण्यातला प्रतिसाद तेवढ्यात विरून जातो, धातूतला रेंगाळतो. म्हणून पीआय खाऱ्या पाण्यात शांत असतं. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूतही ते बरं चालतं.

पण त्याचे दोन तोटे आहेत आणि ते तुला कुठल्याच जाहिरातीत दिसणार नाहीत. एक म्हणजे लोखंड आणि सोनं त्याला जवळपास सारखंच. जेटीच्या खाली घेऊन उतरलास तर खिळे, बिल्ले आणि जाळ्यांची शिसं वेचण्यातच टाकी संपेल. दुसरं म्हणजे बारीक सोनसाखळी. कड्या इतक्या नाजूक असतात की त्यांचा प्रतिसादही पाण्यासारखाच झटकन विरतो. चांगली जाड अंगठी ते पकडेल, मंगळसूत्राच्या बारीक साखळीची हमी कुणाला देऊ नकोस. लोक रडकुंडीला आलेले असतात आणि आपल्या तोंडून शब्द निघून जातो.

तरीही तू पीआयच घे, असं मी म्हणेन. तुझा तळ मोकळ्या वाळूचा आहे, भंगार कमी. तुझ्या यादीतली गॅरेट सी हंटर मार्क २ आणि नोक्ता पल्सडाइव्ह, दोन्ही साधारण ६० मीटरपर्यंतच्या. पल्सडाइव्ह हातभर लांबीची, कॉइल लहान, पण थरथरून आणि दिवा लावून सांगते. हेडफोनची भानगडच नाही, आणि अंगठी कुठे पडली ते माणसाला साधारण ठाऊक असेल तर तेवढी पुरते. दोर धरून मोठाली गोल चक्कर मारत तळ धुंडाळायचा असेल तर सी हंटर. आणि ‘वायरलेस हेडफोनसकट’ अशा जाहिरातीला भुलू नकोस. त्या रेडिओ लहरी पाण्यात वीतभर जाईपर्यंत मरतात. पाण्याखाली वायरचाच हेडफोन, तोही मशीनसोबत आलेला.

जमलं तर पैसे देण्याआधी कॉइल पाण्यात सोडून बघ. ती बुचासारखी वर आली तर अर्ध्या तासात मनगट भरून येतं. हळूच तळाकडे बसणारी हवी. हातमोजे घालून बटणं दाबून बघ. पट्ट्यातलं शिसं, सुरी, सिलिंडर, सगळ्यांवर हे मशीन ओरडणार, तेव्हा दांडा हात लांब करून धरता येतो का तेही पाहा.

मशीन मरतं ते बहुतेक वेळा ओ-रिंगमुळे, म्हणजे झाकणातून पाणी शिरू न देणाऱ्या रबरी कडीमुळे. आमच्याकडच्या एकाचं महागडं मशीन गेलं, कारण काय, तर बॅटरीच्या झाकणात अडकलेला वाळूचा एक कण. माझी पद्धत सांगतो. पहिल्यांदा बॅटरी न घालता, आत टिश्यू पेपर ठेवून दोराला बांधून खाली सोडायचं. पेपर कोरडा आला तर मग आपण उतरायचं. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, आणि वर आल्यावर झाकण उघडण्याआधी गोड्या पाण्याने धुणं. जास्तीच्या ओ-रिंग मशीनसोबतच मागव.

एक गोष्ट तुझ्यासोबत पाण्यात उतरणाऱ्या पोरांना बजावून ठेव. सिंधुदुर्ग किल्ला पुरातत्त्व खात्याचा, आणि आजूबाजूचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य. तिथे डिटेक्टर बाहेर काढायचाच नाही, प्रवाळाजवळ उकरायचं नाही. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून आहे, पुरलेली ठेव दहा रुपयांहून जास्त किमतीची निघाली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. दहा रुपये! कुणाला नाणी-बिणी शोधायची हौस आलीच, तर त्याला आमच्या गोव्याच्या समुद्रातल्या सुंची रीफ या खडकाची गोष्ट सांग. दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांना तिथल्या पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांत हत्तीचे दात, पाणघोड्याचे दात, चिनी भांडी मिळाली. यातल्या कशावरही डिटेक्टर हूं की चूं करत नाही.

ऑर्डर देण्याआधी दुकानदाराला एवढं विचार की बिघडल्यावर मशीन भारतात दुरुस्त होतं की परत बाहेर पाठवायचं, आणि तो खर्च कुणाचा. उत्तर लेखी घे आणि मला पाठव, मग ठरवू. वहिनींना नमस्कार, काकींना सांग की कोकमं मिळाली.

तुझा,
विन्या