रूथ मवाबी होती, मग?

प्रिय बाळ,

शालोम. परवा फोनवर तुझ्या लेकाने मला पेचात टाकलं. शाळेत शाबुओत सणाच्या आधी बायबलमधलं रूथचं पुस्तक वाचून घेतायत म्हणे. "आजी, मवाबी, म्हणजे शेजारच्या मवाब देशाच्या माणसाला दहाव्या पिढीपर्यंत देवाच्या मंडळीत घ्यायचं नाही, असं तोरेत, आपल्या धर्मग्रंथात, आहे. मग रूथ मवाबी होती, ती कशी आली?" मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला खरा, पण रात्री झोप लागली नाही. म्हणून तुला लिहिते.

आधी त्याला सांग, तू बरोबर वाचलंस. गुळमुळीत उत्तर देऊन त्याला गप्प करू नकोस. रब्बींनी, आपल्या धर्मपंडितांनी, पुढे तोड काढली, की बंदी मवाबी पुरुषाला आहे, बाईला नाही. मला मात्र रूथ शेतात दिसते. सातूच्या कापणीत मागे पडलेली कणसं ती दिवसभर वेचते, संध्याकाळी झोडते आणि एफाभर (एफा म्हणजे धान्याचं एक माप) दाणे सासूसाठी घेऊन जाते. शेताच्या कडा कापू नका, गळालेलं गोळा करू नका, ते गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्या, हीसुद्धा तोरेचीच आज्ञा. त्या आज्ञेच्या आधाराने ती बवाज नावाच्या शेतमालकाच्या शेतात शिरली. तिचा पणतू दावीद राजा.

पण एज्रा या शास्त्र्याचं पुस्तकही त्याला वाचू दे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले यहुदी लोक नवव्या महिन्यात, भर पावसात, मंदिरासमोरच्या चौकात कुडकुडत बसलेत. परक्या बायका केल्यात त्या सोडा, असा हुकूम झालाय. लोक म्हणतात, पावसाचे दिवस आहेत, बाहेर उभं राहवत नाही, हे एका दोघा दिवसांचं काम नाही. विरोधाला उभे राहिले मोजके. मग यादी येते, शंभरावर पुरुषांची, नावानिशी. बायकांचं एकही नाव नाही. काही जणींना मुलंही होती, एवढं सांगून पुस्तक संपतं. ती ओळ मला दर वेळी पोटात कालवल्यासारखी लागते.

तरी एज्राला नुसता दुष्ट म्हणायला माझी जीभ वळत नाही. मूठभर लोक, आपण विरघळून जाऊ ही भीती. आपले, बेने इस्राएलांचे, पूर्वज कोकणात नवगावच्या किनाऱ्याला लागले, शनिवारी शाब्बाथ पाळून तेलाचा घाणा बंद ठेवून 'शनिवार तेली' म्हणवले, आपापसातच सोयरिकी केल्या, म्हणून तर आपण उरलो. पण आपणही 'गोरे' आणि 'काळे' इस्राएल केलेच ना? आई बाहेरची असली की त्या घराचे काळे. माझी आजी सांगायची, त्यांना स्वयंपाकाच्या भांड्यांना हात लावू देत नसत. सांगताना ती खाली बघायची.

आणि मग तेच आपल्यावर उलटलं. 1962 मध्ये इस्राएलात बेने इस्राएलांच्या लग्नाआधी आईकडच्या पिढ्या तपासायच्या सूचना निघाल्या. आपल्या लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं, तेव्हा 1964 मध्ये क्नेसेटने, तिथल्या संसदेने, ठराव केला की हे सर्वार्थाने यहुदी आहेत. "उपऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण मिसरात तुम्ही उपरे होता", हे तोरेतल्या लेवीय या पुस्तकात लिहिलंय. त्यातला 'कारण' शब्द मला आजीच्या त्या भांड्यांमुळे कळला.

एक राहिलं. एज्राच्याच काळातल्या नहेम्या या सुभेदाराला राग कशाचा आला होता, माहितीय? यहुद्यांची निम्मी मुलं अश्दोदी, म्हणजे अश्दोद शहराची परकी बोली, बोलत, त्यांना यहुदी भाषा येत नसे. त्याने काही बापांचे केस उपटले. आता तू अश्दोदला राहतेस आणि तुझा लेक निम्मं हिब्रू, निम्मं मराठी बोलतो. "आजी, मला भूक लागलीय" हे तो इतकं गोड म्हणतो!

शाब्बाथ संपला की फोन लाव, आणि त्याच्या हातात दे. मी जागी असेन.

तुझी,
आई