काकूंना ‘बसा’ न म्हणता बसवणाऱ्या फिजिओ मॅडमना

प्रिय मॅडम,

‘माझं नाव-बिव कुठे टाकू नका हं,’ असं शेवटच्या भेटीत तुम्ही बजावलं होतंत, म्हणून नाव लिहीत नाही. आभार मानू नका असं मात्र म्हणाला नव्हतात. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिण्यात माझा थोडा स्वार्थ आहे. खुब्याचा सांधा बदलून घरी आलेलं आणि घटकाभरही एका जागी न बसणारं माणूस ज्यांच्या घरात आहे, त्यांना तुम्ही आईला कसं सांभाळलंत ते कळावं.

‘पेशंट व्यायामच करत नाही’ ही तक्रार तुम्ही रोज ऐकत असाल. आमची बरोबर उलटी होती. जांघेतल्या ज्या दुखण्यानं आईला वर्षानुवर्षं रात्री धड कूस बदलू दिली नव्हती, ते ऑपरेशन थिएटरमध्येच राहिलं. टाक्यांचं दुखत होतं, पण ते तिच्या लेखी दुखणंच नव्हतं. जुनी कळ गेली म्हणजे आपण बरे झालो, असा तिचा सरळ हिशेब. वॉकर तिला आवडायचा नाही, कारण तो धरला की हातात दुसरं काही धरता येत नाही. ‘आराम कर’ असं सर्जन म्हणाले, नातेवाईक म्हणाले, फोनवरून चौकशी करणारे झाडून सगळे म्हणाले. ती ‘हो हो’ म्हणायची आणि फोन ठेवून उठायची.

तुम्ही आलात आणि आराम हा शब्दच काढला नाहीत. व्यायामाचा कागद पाहिलात. सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा होत्या, एकही चुकलेली नाही. तो बाजूला ठेवून म्हणालात, ‘काकू, काल सकाळी उठल्यापासून रात्री आडव्या होईपर्यंत काय काय केलंत ते सांगा. व्यायाम सोडून.’ आईला वाटलं, तुम्ही गप्पा मारताय. ती खुशीत सांगत सुटली. उभ्यानं कपड्यांच्या घड्या घातल्या. कुंड्यांना पाणी घातलं. खालच्या खणातून चादरी काढल्या. ओट्यापाशी ‘जराशी’ उभी राहिले. जिना ‘एकदाच’ चढले. तुम्ही वहीत एकेक ओळ लिहीत गेलात, पान भरलं, आणि वही तिच्यासमोर धरलीत. ‘मी दिलेला व्यायाम एवढासा. हा बाकीचा तुम्ही स्वतःच घेतलाय.’

आई उभ्या आयुष्यात घरकामाला व्यायाम म्हणाली नव्हती. आम्हीही नाही. घरात व्यायामाची मोजदाद होते, कामाची कोण करतं? उरात धाप लागेल असं काही ती करत नव्हती, म्हणून अति होतंय हे कोणाच्या ध्यानातच येत नव्हतं. मांडीच्या स्नायूंना काय कळतं, हे चादरीचं वाकणं आहे की कागदावरचं!

मग तुम्ही आत काय झालंय ते समजावलंत. आजवर कोणीतरी तिला इतकं नीट सांगायला हवं होतं. सर्जननी सांधा मागच्या बाजूनं उघडला होता, तिथले लहान स्नायू सोडवून परत शिवले होते. ते जुळेपर्यंत खुबा काटकोनाच्या पलीकडे वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, तो पाय आत वळवायचा नाही, नाहीतर मांडीच्या हाडावरचा नवा गोळा कंबरेच्या हाडातल्या वाटीतून निसटू शकतो. हा धोका पहिले तीन महिने सर्वांत जास्त. खालच्या खणातल्या चादरी नेमक्या त्यातच मोडत होत्या. पुढच्या बाजूनं ऑपरेशन झालेल्यांचे नियम वेगळे असतात, त्यामुळे शेजारणीचं ऐकून काही करू नका, हेही सांगून ठेवलंत. आईचा सांधा सिमेंटशिवाय बसवलेला. वाटीच्या आणि मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्याच्या खडबडीत पृष्ठभागात हाड हळूहळू वाढत जातं आणि मग त्यांना घट्ट धरतं. याला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात आणि बाहेरून ते कोणाला दिसत नाही.

‘मग दुसऱ्याच दिवशी मला उभं करून चालवलं ते कशाला?’ आई म्हणाली. प्रश्न बिनतोड होता. मला वाटलं, आता तुमची पंचाईत होणार.

तुम्ही तिला जॉन चार्नली यांची गोष्ट सांगितलीत. इंग्लंडमधल्या राइटिंग्टनच्या रुग्णालयात या सर्जननी 1962 मध्ये धातूचा लहान गोळा आणि विशिष्ट प्लास्टिकची (पॉलिएथिलीनची) वाटी असा सांधा बसवायला सुरुवात केली. त्याआधी टेफ्लॉनची वाटी करून पाहिली होती, ती फार लवकर झिजली. आजचं ऑपरेशन त्याच वाटेवरचं. पण त्या काळी पेशंटला बरेच दिवस अंथरुणातच ठेवत. आता लगेच उठवतात. पडून राहिलं की रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते, छातीत कफ साठतो, ताकद जाते, म्हणून उठवतात. ‘लवकर उठवलं म्हणजे आतलं लवकर भरून येतं, असं नाही काकू. हाडाला आणि स्नायूंना लागणारा वेळ तेव्हा जेवढा होता तेवढाच आजही आहे.’ आई यावर बराच वेळ काही बोलली नाही. आमच्या घरात ही बातमी आहे.

आणि काठी! ऑपरेशनच्या बाजूच्याच हातात काठी धरायची, असं घरात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. तुम्ही ती विरुद्ध हातात दिलीत. साधं चालताना खुब्यावर वजनाच्या जवळपास अडीच पट भार येतो, कारण एका पायावर असताना कंबर कलू नये म्हणून बाजूचे स्नायू जोर लावून ओढतात. विरुद्ध हातातली काठी त्या स्नायूंचं काम हलकं करते. तुम्ही आईला तिच्याच खुब्याच्या बाजूला हात ठेवायला लावलात आणि काठी आधी या हातात, मग त्या हातात देऊन चालवलंत. स्नायू कधी ताठ होतो, कधी सैल राहतो, हे तिच्या हाताला लागलं. त्यानंतर काठीवरून वाद झाला नाही.

हे सगळं पटूनसुद्धा एके दिवशी तिनं कपाट आवरायला काढलंच. आम्ही घरात नव्हतो. संध्याकाळी मांडी टरटरून सुजलेली, मोज्याच्या रबराचा वळ घोट्यावर खोल उमटलेला, नडगीवर अंगठा दाबला की खळगा तसाच राहायचा. पाय टेकवताना तोंड वाकडं होत होतं, तरी म्हणत होती ‘काही नाही’. मी घाबरून तुम्हाला फोन केला. तुम्ही आधी प्रश्नच विचारलेत, एकापाठोपाठ एक. पाय आखूड दिसतोय का? पाऊल आत वळलंय का? पोटरी गरम, लाल, दाबल्यावर दुखते का? धाप लागते का, छातीत दुखतंय का? ताप? जखमेतून काही येतंय? यातलं एक जरी असेल तर मला फोन करत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा, म्हणालात. त्यातलं काही नव्हतं. तरीही सूज अचानक वाढलीय म्हणून सर्जनना आजच कळवा, यावर तुम्ही अडून बसलात. त्यांनी तपासलं, गुठळी नाही, सांधा जागेवर, स्नायूंवर ताण आलाय एवढंच, असं सांगितलं. तुमच्या त्या अडून बसण्यामुळे आम्हाला त्या रात्री झोप लागली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा आई शाळकरी मुलीसारखी मान खाली घालून बसली होती. तुम्ही कपाटाचा विषयही काढला नाहीत. म्हणालात, ‘दोन दिवस सगळं निम्मं. बंद काही करायचं नाही, पावलं वर-खाली करण्याचा व्यायाम तर दर तासाला.’ पाय छातीपेक्षा उंच राहील असं आडवं व्हायचं, बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. आणि मग तुमचा तो सकाळचा नियम. आज किती झेपलं हे आज ठरवायचं नाही. वेदनेची गोळी पोटात असते, अंगात हुरूप असतो, तेव्हाचं मत धरायचं नाही. उद्या सकाळी पहिलं पाऊल टाकताना काय म्हणतोय पाय, ते पाहायचं. रात्री ठणका लागला, सकाळी सूज कालच्यापेक्षा जास्त दिसली किंवा चालताना लंगडणं वाढलं, तर कालचं जास्त झालं. तसं नसेल तर थोडं वाढवायचं, पण एका वेळी एकच: अंतर वाढवलं तर जिना तेवढाच ठेवायचा.

आई घरखर्चाची वही लिहिणारी बाई. तुम्ही हे पहिल्याच दिवशी हेरलं असणार, कारण तिच्याच वहीच्या मागच्या पानांवर तुम्ही तिला ताकदीचा जमाखर्च लिहायला लावलात. ती रोज संध्याकाळी लिहायची, सकाळी त्यापुढे शेरा द्यायची: ‘ठीक’, ‘जरा जड’, ‘कालचा जिना महाग पडला’. तिला कोणी थांबवलेलं नको असतं, पण खात्यात शिल्लक नाही म्हटलं की ती स्वतःच थांबते.

आम्हाला वेगळं बोलावून सांगितलंत ते तर मी कायम लक्षात ठेवीन. ‘त्यांना सारखं उठू नका म्हणू नका. त्या ज्या कामासाठी उठतात ते काम त्यांच्या आधी उरकून टाका.’ सकाळीच चादरी बाहेर, कुंड्यांना पाणी, घड्या घालायचे कपडे उंच खुर्चीशेजारी. बसून करायची कामं तिच्याकडे, उभ्यानं करायची आमच्याकडे. भाजी निवडणं तिनं असं काही ताब्यात घेतलं की निवडलेली भाजी परत तपासायची सोय राहिली नाही.

एक गोष्ट मला पुढे तुमच्या सहकाऱ्यांकडून कळली. सकाळी सातला आईचा निरोप यायचा, ‘जरा जड’, आणि तुम्ही कामावर निघायच्या आधी त्याला उत्तर द्यायचात. रोज. हे तुमच्या फीमध्ये धरलेलं नव्हतं. त्याबद्दल मी काय लिहू?

आता ती काठीशिवाय चालते, लंगडत नाही, आणि जिन्याला वहीत वेगळी ओळ लागत नाही. सर्जननी जमिनीवर बसायला आणि उड्या-धावपळीला मनाई केली आहे. ती पाळली जाते. पहिल्या बाबतीत कुरकुरून, दुसऱ्या बाबतीत, ती म्हणते, ‘मला कुठे धावायचंय!’

तिच्या एका मैत्रिणीचं पुढच्या महिन्यात हेच ऑपरेशन ठरलंय. आईनं तुमचा नंबर दिला आहे आणि आपली वहीही वाचायला दिली आहे. त्या बाईंचे यजमान परवा आमच्याकडे सांगत होते, ‘आमची ही एक मिनिट बसत नाही हो.’ फोन येईलच, तयारीत राहा.

तुमची ऋणी,
काकूंची मुलगी