क्लॅनचं दार सताड उघडं नको

संपादक महोदय,

मुलांच्या मोबाइल गेमच्या वेडावर आपल्या अंकात आलेला लेख वाचला. सगळा भर 'किती तास खेळतो' यावर. 'कोणाबरोबर खेळतो' हा प्रश्न त्यात कुठेच नाही. मी संगमनेरच्या एका पतसंस्थेत लेखनिक आहे, वय 42, आणि 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'मधल्या एका क्लॅनची लीडर आहे. हसू आलं तर खुशाल हसा, आमच्या घरचेही हसतात.

न खेळणाऱ्यांसाठी सांगते. क्लॅन म्हणजे जास्तीत जास्त 50 खेळाडूंचा गट. एकमेकांना सैन्य द्यायचं आणि दुसऱ्या क्लॅनशी वॉर खेळायचं. वॉरमध्ये प्रत्येकाला दोनच हल्ले मिळतात, त्यामुळे एक जण गायब झाला की बाकीच्यांची मेहनत पाण्यात. नवीन माणूस घ्यायचा कसा, हे लीडर ठरवतो: कोणीही या, विचारून या, किंवा दार बंद. पुष्कळ लीडर 'कोणीही या' ठेवतात, कारण आकडा पटकन भरतो. खरी गोची तिथेच होते.

आमच्याकडे विचारूनच यावं लागतं. पतसंस्थेत सभासद करून घेताना अर्जावर ओळख देणाऱ्याची सही लागते, तसंच इथे. 16 वर्षांखालचा मुलगा असेल तर त्याच्या घरातलं कोणीतरी मोठं माणूस क्लॅनमध्ये हवं. वॉरमध्ये दोन्ही हल्ले मारायचे, जमणार नसेल तर आधीच शील्ड, म्हणजे वॉरला हजर की नाही हे दाखवणारी खूण, लाल करून ठेवायची, मग नाव वॉरमध्ये घेतलं जात नाही. दहावी-बारावीच्या पोरांची शील्ड फेब्रुवारी उजाडला की लालच असते. कोणी हिरवी केली तर को-लीडर विचारतो, 'पेपर कधी आहे रे?' शिवी दिली की एकदा समज, दुसऱ्यांदा बाहेर. 'ताई, तुम्ही खरंच बाई आहात का, व्हॉइसवर या ना,' असं म्हणणाऱ्याला मात्र समजही मिळत नाही.

इतके नियम कशाला, गेमच तर आहे, असं एकाने मला चॅटवर सुनावलं. त्याला उत्तर पुढच्याच महिन्यात मिळालं. नव्याने आलेल्या एका खेळाडूने आमच्या चार पोरांना टेलिग्रामवरच्या गटात ओढलं. तिथे दुसऱ्याच एका गेमच्या 'पेड रूम' चालत: तीस रुपये भरा, जितके किल, म्हणजे जितके खेळाडू माराल, तितके पैसे. पोरांना वाटलं, ही स्पर्धा. अहो, पैसे लावून खेळणं ते हेच! ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने असे खेळ चालवण्यावर बंदी घातली. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड अशी तरतूद आहे. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आहे, हे लेखात आलं असतं तर बरं झालं असतं. पण एखाद्या गटाच्या चॅटमध्ये रात्री साडेअकराला कोण कोणाला कुठे घेऊन जातंय, हे दिल्लीला दिसत नाही. आमच्या को-लीडरला दिसलं, कारण तो माणूस तीन आठवडे एकही हल्ला न मारता नुसत्या गप्पा मारत होता. क्लॅन वॉरसाठी आहे हे ठरलेलं असलं की असा माणूस लगेच डोळ्यात खुपतो. 'टाइमपाससाठी या' म्हणणाऱ्या क्लॅनमध्ये तो कोणाला खटकला असता?

यात एक अडचण आहे, तीही मान्य करते. नियम कडक केले की काही लीडर पाटीलकी करू लागतात. टाऊन हॉल, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारी गावातली मुख्य इमारत, लहान म्हणून पोरांना हिणवतात, एल्डरपद, म्हणजे साध्या सभासदाच्या वरची पायरी, देतो सांगून राबवून घेतात. अशा क्लॅनमधून पोराने निघावं हेच बरं. आम्ही टाऊन हॉलची अट ठेवलेलीच नाही. खेळ शिकवता येतो, वळण लावायला मात्र वेळ लागतो.

पालकांना विनंती एवढीच, की फोन हिसकावण्याआधी पोराला क्लॅनचं पान उघडून दाखवायला सांगा. वर्णनात काय लिहिलंय, लीडर कोण, चॅटमध्ये काय चाललंय, दहा मिनिटांत कळतं. वर्णनाच्या जागी टेलिग्रामची लिंक दिसली तर तिथेच विचारपूस करा. पैसे गेलेच असतील तर पोराला बदडत बसू नका, आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

– एक वाचक, संगमनेर